जुना गिटार-ॲम्प्लिफायर निर्धोक कसा करावा



विजेवरच्या गिटारीचे अर्धे अंग वाजवणाऱ्याच्या हातात असते आणि अर्धे जमिनीवर ठेवलेल्या पेटीत. पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे, ॲम्प्लिफायर. या गिटारीला पोट नसते, बहुधा भरीव लाकडाची फळीच असते. त्यामुळे नुसत्या तारा छेडल्या तर आवाज शेजारच्या खोलीतही जायचा नाही. तारेचे कंपन लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यात विजेच्या रूपाने उतरते, तिथून केबलीतून पेटीत जाते, आणि पेटी ते कितीतरी पटींनी वाढवून स्पीकरमधून बाहेर टाकते. एवढे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकावरूनही समजेल. पुस्तकात सहसा न सापडणारी गोष्ट निराळीच आहे. गिटारीच्या तारा ज्या धातूच्या घोडीवर टेकतात, ती घोडी एका वायरीने केबलीच्या बाहेरच्या जाळीला जोडलेली असते, आणि ती जाळी पेटीतल्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसीला. आवाजात गुणगुण येऊ नये म्हणून ही योजना असते. तिचा परिणाम असा की, वाजवणाऱ्याच्या बोटांना तारा लागल्या म्हणजे पेटीची चॅसीच त्याच्या हातात आली.

घरातली इस्त्री घ्या, मिक्सर घ्या. त्यांना आपला हात लागतो तो बहुधा प्लास्टिकच्या मुठीवर, आणि तोही थोडा वेळ. गिटार वाजवणारा मात्र दोन-दोन तास उघड्या धातूला धरून असतो. मांडवात उकडत असते, हात घामाने भिजलेले असतात, पायांत चपला असतात किंवा नसतात, खाली ओली माती असते, आणि समोर माइकची जाळी ओठांना टेकलेली असते. विजेच्या दृष्टीने माणसाची याहून वाईट मांडणी मला तरी सुचत नाही. मी शिकवतो गणित; पण जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर उघडून बसण्याचा नाद मला विद्यार्थिदशेपासून आहे. त्या नादापायी जी माहिती झाली ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आता, हे जुने ॲम्प्लिफायर आमच्याकडे कुठून यायचे, असे कोणी विचारील. येतात. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. त्यांवर चालणाऱ्या १९५० ते १९७० च्या काळातल्या पेट्यांना आज जगभर मान आहे, कारण ताकदीपेक्षा जास्त ओढले की त्यांचा आवाज फाटतो तो गोड फाटतो. हौशी तरुण मंडळी त्या परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवतात, मुंबईच्या चोरबाजारात धुंडाळतात. सिनेसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांच्या घरी एखादी माळ्यावर निघू शकते. आणि अशी पेटी हाती आली की ती पुसून, प्लग लावून, लगेच वाजवून बघण्याचा मोह होतो. नेमका तेवढाच मोह आवरायचा आहे.

या पेट्यांचा जन्म कसा झाला हे पाहिले म्हणजे त्यांतला दोष कळतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन नावाचे गाव आहे. त्या काळी भोवती संत्र्यांच्या बागा होत्या. तिथे लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. गावातले वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर त्याच्याकडे आणीत. ते दुरुस्त करता करता १९४५ च्या सुमारास त्याने स्वतःच पेट्या करायला घेतल्या. आधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारींसाठी, पुढे उभ्या गिटारींसाठी. गंमत अशी की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो पक्का रेडिओवाला होता. त्याने रचना अशी साधी ठेवली की आपल्या तालुक्याच्या गावचा मेकॅनिकही पेटी उघडून अर्ध्या तासात तिचा नकाशा काढील. सत्तर वर्षांनंतरही त्या दुरुस्त होतात त्या यामुळेच.

पण त्या काळची अमेरिकन घरातली जोडणी दोन वायरींची होती. एक फेज, एक न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची वायर नाही. प्लगच्या दोन पात्या सारख्याच, त्यामुळे तो सुलटाही बसे आणि उलटाही. पेटीला बिचारीला कळायचे नाही की आपल्या कोणत्या वायरीत फेज आले आहे. एका बाजूने लावली तर गुणगुण, दुसऱ्या बाजूने लावली तर शांत. मग कारखानदारांनी पेटीच्या मागे एक छोटा स्विच दिला आणि आत एक कंडेन्सर टाकला, साधारण ०.०५ मायक्रोफॅरडचा. स्विच इकडे टाकला की तो कंडेन्सर चॅसीला एका वायरीशी बांधी, तिकडे टाकला की दुसरीशी. गुणगुण कमी होईल त्या बाजूला स्विच ठेवायचा, एवढीच वादकाला सूचना. तो स्विच म्हणजे आपल्या हातातल्या तारा फेजकडे बांधायच्या की न्यूट्रलकडे याची निवड आहे, हे किती वादकांना ठाऊक असेल? अमेरिकेतले कारागीर आज या कंडेन्सरला ‘डेथ कॅप’ म्हणतात. नाव भडक आहे, पण खोटे नाही.

गणिताच्या मास्तराला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा एक हिशेब सांगतो; शिक्षकांनी तो फळ्यावर करून दाखवायला हरकत नाही. ०.०५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अमेरिकेच्या १२० व्होल्ट, ६० सायकलच्या विजेला सुमारे ५३ हजार ओहमचा अडथळा करतो. म्हणजे प्रवाह जातो दोन मिलिअँपिअरहून थोडा जास्त. आपल्याकडच्या २३० व्होल्ट, ५० सायकलवर अडथळा सुमारे ६४ हजार ओहम आणि प्रवाह साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास. माणसाला एक मिलिअँपिअर जेमतेम जाणवतो, तेव्हा हा झाला झिणझिण्यांचा प्रवाह. वादक म्हणतात, “जुनी पेटी आहे, थोडी झिणझिणणारच.” इथेच धोका आहे, कारण हा हिशेब कंडेन्सर धडधाकट असेपर्यंतचा. तो कागदाचा आणि मेणाचा, साठ-सत्तर वर्षांचा म्हातारा. आतला कागद फुटून तो बंद झाला, म्हणजे शॉर्ट झाला, की अडथळा शून्य. मग उरतो फक्त माणसाच्या शरीराचा रोध. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत तो हजार ते दोन हजार ओहमच्या घरात धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह होतो ११५ ते २३० मिलिअँपिअर. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. माणसाच्या रक्षणासाठी घरात जे ई.एल.सी.बी. नावाचे उपकरण बसवतात, ते तीसवर तुटेल असे मुद्दाम केलेले असते. त्यापुढचा प्रवाह छातीतून रेंगाळला तर हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. काल झिणझिण्या, आज मृत्यू, आणि मध्ये पेटीच्या आवाजात काडीचाही फरक नाही. उत्तम वाजणारी पेटी निर्धोक असते हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे.

अशी माणसे गेलेली आहेत. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी शहरात रंगमंचावर उभा होता. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्याचा हात लागला आणि तो प्रेक्षकांदेखत कोसळला. वय २७. ‘यार्डबर्ड्स’ या गाजलेल्या वृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ च्या मे महिन्यात स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला, वय ३३. ‘रोलिंग स्टोन्स’चा कीथ रिचर्ड्स १९६५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो इथे गिटार माइकच्या दांड्याला लागताच बेशुद्ध पडला होता, तो वाचला. ही नावाजलेली माणसे म्हणून त्यांची नोंद राहिली.

दोन हातांचा, किंवा हाताचा आणि ओठाचा, हा मामला नीट लक्षात घ्या. आमच्या कॉलेजच्या एका स्नेहसंमेलनात तालमीच्या वेळी एक मुलगा तक्रार घेऊन आला की माइक करंट मारतो. मांडववाल्याने माइक बदलला. नवा माइकही करंट मारू लागला. मी गिटारीच्या तारांना टेस्टर लावून पाहिला, तर तो लुकलुकला. म्हणजे फेज गिटारीत येत होते. माइक बापडा अर्थिंगला जोडलेला असल्यामुळे ओठांमधून वाट मोकळी करून देत होता, आणि मार खात होता तो माइकच. अशा वेळी पायांत रबरी बूट असून उपयोग नाही, कारण प्रवाह पायांकडे जातच नाही. तो हातातून छातीत आणि छातीतून तोंडाकडे जातो. तेव्हा माइकला ओठ लावून कोणी ‘करंट मारतो’ म्हणाला, तर आधी सगळ्यांचे मेन स्विच बंद करावेत आणि मग माइकखेरीज इतर सर्व पेट्या तपासाव्यात. माइक बदलून भागत नाही.

आता मुख्य काम. एक गोष्ट आधीच बजावून सांगतो. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणी पेटीची मागची फळी काढून आत हात घालू नये. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास डी.सी. दाब असतो, आणि तो मोठ्या कंडेन्सरांमध्ये साठलेला असतो. प्लग काढून ठेवला तरी तो लगेच उतरेल असा भरवसा नाही. जाणता कारागीर आधी दहा हजार ओहमचा जाड रोधक क्लिपने लावून तो कंडेन्सर रिकामा करतो, काही सेकंद थांबतो, मीटरने शून्य पाहतो, आणि मगच बोट लावतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे बहाद्दर असतात. त्यांच्याकडे पेटी देऊ नये. तुम्ही-आम्ही हे ऐकायचे ते दुरुस्ती करण्यासाठी नव्हे, दुरुस्ती झाली की नाही हे ओळखता यावे म्हणून.

कारागिराने पहिली गोष्ट करायची ती ही की, जुनी दोन वायरींची केबल काढून टाकायची आणि तीन वायरींची बसवायची. जुन्या केबलीचे रबर बोटाने चुरले तर पापडासारखे मोडते, तेव्हा ती तशीही टाकाऊच. नव्या केबलीतली हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर चॅसीला स्वतंत्र बोल्टने घट्ट करायची. खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. ट्रान्सफॉर्मरच्याच बोल्टखाली ती दाबू नये. उद्या कोणी ट्रान्सफॉर्मर बदलायला तो बोल्ट सैल केला तर अर्थिंग सुटेल. शिवाय ही वायर आत इतर दोघींपेक्षा चांगली लांब ठेवायची. कोणी केबलीला पाय अडकून ती ओढली गेली, तर आधी फेज तुटावे, मग न्यूट्रल, आणि अर्थिंग सर्वांत शेवटी. आपल्या तीन पिनी प्लगाची वरची जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब का असते, हे वर्गात विचारून पाहा. तिथेही हेच तत्त्व आहे. लावताना अर्थिंग आधी जोडले जाते, काढताना शेवटी सुटते. केबल जिथे पेटीत शिरते तिथे तिला पक्की पकड हवी. नुसती गाठ मारून भागवलेले मी पाहिले आहे. गाठ ही पकड नव्हे.

फेजची वायर थेट फ्यूजकडे न्यायची. फ्यूजच्या नळीला दोन टोके असतात, एक तळाचे आणि एक टोपणाकडचे. फेज तळाच्या टोकाला यायला हवे, म्हणजे प्लग तसाच ठेवून कोणी फ्यूज काढला तरी बोटांजवळ फेज येत नाही. फ्यूजनंतर स्विच, स्विचनंतर ट्रान्सफॉर्मर. न्यूट्रल सरळ ट्रान्सफॉर्मरला. फ्यूज कारखान्याने लिहिला असेल तेवढ्याच अँपिअरचा. चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज सापडला तर अशा पेटीत आणखी काय काय केलेले असेल या विचारानेच सावध व्हावे.

आणि तो स्विच, तो कंडेन्सर? तीन वायरींची केबल आली की त्या दोघांचे काम संपले. कंडेन्सर कापून काढायचा. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तीन वायरींच्या पेट्या सर्रास येऊ लागल्या, तरी काही वर्षे हा स्विच आणि हा कंडेन्सर सवयीने त्यांच्यात येतच राहिला. तेव्हा तीन पिना दिसल्या म्हणून आत कंडेन्सर नसेल असे समजू नये. आजकाल अशा जागेसाठी खास सुरक्षित जातीचे कंडेन्सर मिळतात, ‘वाय’ वर्गाचे, ते शॉर्ट न होता उघडे पडावेत अशा रीतीने केलेले असतात. पण मला विचाराल तर तिथे काहीच नको. अर्थिंग चांगले असेल तर गुणगुण कमी करायला त्याची गरज उरत नाही.

एवढे झाल्यावर प्लग बाहेर ठेवूनच मीटर लावायचा. प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपासून चॅसीपर्यंत एक ओहमपेक्षा कमी रोध दिसला पाहिजे. मग गिटार जोडून त्याच पिनेपासून तारांपर्यंत मोजायचे. तिथेही रोध थोडकाच दिसला पाहिजे. काही गिटारींत मात्र घोडीच्या वाटेवर मुद्दाम रोधक किंवा कंडेन्सर घातलेला असतो, तिथे आकडा वेगळा येईल. यानंतर वायरमनच्या मेगरने फेज आणि चॅसी यांच्यात इन्सुलेशन मोजायचे, स्विच चालू ठेवून. ते निदान दोन मेगओहम तरी यावे. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे वार्निश खाल्ले गेले असेल तर ते इथे उघडे पडते, आणि तो ट्रान्सफॉर्मर कितीही मूळचा असला तरी बदलावा लागतो. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्डावरून द्यावी. शंभर वॅटचा तार असलेला बल्ब मध्ये ठेवला की, आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. पंचवीस रुपयांचा बल्ब पंचवीस हजारांची पेटी वाचवतो, असे कारागीर म्हणतात, आकडे त्यांचे.

हे झाले ट्रान्सफॉर्मर असलेल्या पेट्यांचे. एक जात अशी आहे की तिच्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नाही. अमेरिकेत मुलांना शिकायला म्हणून स्वस्त छोट्या पेट्या विकत. खर्च वाचवण्यासाठी त्यांतल्या व्हॉल्व्हच्या तापतारा एकामागे एक ओवून सरळ विजेवर टाकलेल्या असत. उदाहरणार्थ १२एयू६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ असे व्हॉल्व्ह. त्यांचे पहिले आकडेच व्होल्ट सांगतात. १२, ५० आणि ३५ यांची बेरीज ९७, उरलेले वीस-बावीस एका रोधकात. अशा पेटीत विजेची एक बाजू चॅसीला किंवा आतल्या सामायिक वायरीला थेट जोडलेली असते. प्लग उलटा बसला की गिटारीच्या तारांत फेज आले. फार तर मध्ये एखादा म्हातारा कंडेन्सर. तिकडे या पेट्यांना ‘विधवा करणाऱ्या’ म्हणतात. अशा पेटीला नुसती तीन वायरींची केबल लावून चालत नाही. चॅसीला अर्थिंग दिले आणि फेज उलटे आले तर सरळ शॉर्टच. तिला आधी एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे दोन वेगळी वेटोळी असलेला, आणि मग अर्थिंग. ट्रान्सफॉर्मर पेटीच्या किमतीइतका महाग पडला तर पेटी शोभेला ठेवावी.

“आमच्याकडे असली अमेरिकन पेटी नाही,” असे म्हणून सुटका नाही. आपल्या घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहा. भारतात काही शहरांत, कलकत्त्याच्या काही भागांत तर बरीच वर्षे, डी.सी. पुरवठा होता, म्हणून ए.सी. आणि डी.सी. दोन्हींवर चालणारे रेडिओ विकले जात. त्यांतही मेन ट्रान्सफॉर्मर नाही आणि चॅसी थेट विजेला. अशा रेडिओच्या बटणांचे छोटे स्क्रू खोल बसवून वर मेण भरलेले असे, का, तर बोट लागू नये. युरोपियन बनावटीच्या अशा संचांत व्हॉल्व्हची नावे ‘यू’ या अक्षराने सुरू होतात, हीही एक खूण. आता अनेक रेडिओंच्या मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे असतात. गिटार आहे, ॲम्प्लिफायर नाही, आजोबांचा रेडिओ आहे. हुशार मुलाला त्या छिद्रांत गिटारीची वायर घालण्याची कल्पना सुचणारच. आवाजही येतो, आणि छान येतो. शिक्षकांनी अशा मुलाला शाबासकी जरूर द्यावी, पण आधी प्लग काढावा.

अमेरिकेतून आणलेली पेटी ११७ व्होल्टची. तिच्यासाठी आपल्या २३० व्होल्टवरून दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात एकच वेटोळे असते, दोन्ही बाजूंना सामायिक. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर ही सामायिक वायरच फेज होते. मग ‘११० व्होल्ट’ लिहिलेल्या बाजूची एक वायर जमिनीपासून २३० व्होल्टवर आणि दुसरी १२० वर. अंगावरच्या पाटीवर विश्वास ठेवून कोणी त्याला निरुपद्रवी समजेल. दोन वेटोळ्यांचाच ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि त्यातून अर्थिंगची वायर भिंतीपासून पेटीपर्यंत अखंड गेली आहे हे पाहावे. आणखी एक बारकावा: ६० सायकलसाठी बेताने बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० सायकलवर जास्त तापतो. अर्ध्या तासाने हात लावून पाहावा. हात टिकत नसेल तर तो बदलण्याचा विचार करावा.

पेटी नीट झाली, पण भिंतीतल्या तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसेल तर? खेड्यात आणि खेड्यातच कशाला, शहरातल्या जुन्या इमारतींतही, हे सर्रास आढळते. सॉकेटला तीन छिद्रे आणि मागे दोनच वायरी. आणि वायर असली तरी ती ज्या खड्ड्यात उतरते त्या खड्ड्याची अवस्था पाहावी लागते. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालण्याचे काम कोणाकडे आहे, हे शाळेच्या मुख्याध्यापकांना माहीत असावे. पुन्हा थोडे गणित करू. चॅसीत फेज उतरले आणि अर्थिंगच्या सबंध वाटेचा रोध पाच ओहम असला, तर ४६ अँपिअर प्रवाह धावेल आणि फ्यूज तत्क्षणी उडेल. पण आपल्या मुरमाड माळावर किंवा कोकणच्या कातळावर तोच रोध शंभर ओहम असला, तर प्रवाह फक्त २.३ अँपिअर. दोन अँपिअरचा फ्यूज त्याला बराच वेळ दाद देणार नाही, आणि तोवर चॅसी जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर राहील. अशा ठिकाणी तीस मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. हाच खरा रखवालदार. तो मांडवाच्या बोर्डावर असावा असा आग्रह धरा. त्यावर चाचणीचे बटण असते. कार्यक्रमाआधी ते एकदा दाबून पाहायला दोन सेकंद लागतात. सॉकेटचे अर्थिंग तपासायला बल्ब लावून पाहू नये, कारण अर्थिंगची वायर जमिनीत गेलीच नसेल तर त्या बल्बातून तीच वायर जिवंत होते आणि तिला जोडलेली सगळी उपकरणे झटका देऊ लागतात. वायरमनकडून मीटरने आणि अर्थ-टेस्टरने मोजून घ्यावे.

गुणगुणीसाठी अर्थिंगची पिन तोडणारी मंडळी सगळीकडे आहेत. दोन ॲम्प्लिफायर एकमेकांना केबलीने जोडले आणि दोघांची अर्थिंग दोन वाटांनी गेली की एक वेटोळे तयार होते, त्यात गुणगुण शिरते. ती एकाची पिन तोडली की जाते, हे खरे आहे. म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण मार्ग इतर आहेत. दोन्ही पेट्या एकाच बोर्डावरून घ्याव्यात. तरी भागले नाही तर आवाजाच्या केबलीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तोडायचीच असेल तर वाट आवाजाची तोडावी, अर्थिंगची नव्हे. हल्ली गिटारीला बिनतारी जोडणीही मिळते; तिने हात आणि चॅसी यांचा धातूचा संबंधच तुटतो. माइकला स्पंजची टोपी घालणे हाही एक बरा उपाय आहे, स्वस्त आणि झटपट, पण तो वरचा. मुळातली पेटी तशीच ठेवून टोपीवर विसंबू नये.

कोणी चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने गिटार किंवा वायर बाजूला सारा. तुमच्या पायाखालीही कोरडे असू द्या. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यावर जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांक फिरवायला सांगा. कार्यक्रमाच्या आधी मेन स्विच कुठे आहे हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवलेले बरे.

दुरुस्ती पुरी झाली की कारागिराला एक काम सांगा. पेटीच्या मागच्या फळीला आतून एक कागद चिकटवायला लावा आणि त्यावर तारीख, नव्या केबलीची जोडणी, फ्यूज किती अँपिअरचा, कंडेन्सर काढला की नाही, हे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. मूळच्या वस्तूंना संग्राहक किंमत देतात, म्हणून जुनी केबल आणि काढलेला कंडेन्सर फेकू नका. पाकिटात घालून पेटीसोबत ठेवा, आणि पाकिटावर ‘परत लावू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहा.